यकृत बिघडले की रक्त का थांबत नाही?

सातपुड्याच्या रांगांत, धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर गेलो की माणसाआधी कुत्रे भेटते. घरापासून घर दूर, मधे शेते आणि उतार. अशा ठिकाणी राखणीला कुत्रे लागतेच. त्याचा आहार घराचाच असतो. घरात ज्वारीची भाकर असेल तर त्याला ज्वारीची, मक्याची असेल तर मक्याची. माणसांसाठी धान्य निवडताना बाजूला काढलेले दाणे भरडून शिजवून दिले, तर तेही ते मुकाट्याने खाते.

समजा, असे एक कुत्रे आठ-दहा दिवस मलूल आहे. खात नाही, ओकते. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर झाला आहे, पोट फुगल्यासारखे वाटते. घरातल्या मुलाने त्याच्या कानामागची गोचीड ओढून काढली. एरवी अशा जागी रक्ताचा एखादा थेंब येतो आणि दोन-चार मिनिटांत थांबतो. या कुत्र्याचे रक्त मात्र अर्धा तास झिरपत राहिले. दुसऱ्या दिवशी त्याची विष्ठा डांबरासारखी काळी दिसली.

डोळ्यांतली कावीळ, फुगलेले पोट आणि कानामागचे न थांबणारे रक्त यांचा एकमेकांशी काय संबंध? या प्रश्नाच्या उत्तरात शरीरक्रियाशास्त्राचा एक चांगला धडा आहे. शिवाय त्या घरातल्या माणसांच्या जिवाशी जोडलेली एक सूचनाही त्यात दडलेली असू शकते. प्रथम धडा पाहू, मग सूचनेकडे वळू.

रक्त वाहते कसे आणि गोठते कसे?

बकरे कापल्यावर भांड्यात धरलेले रक्त काही मिनिटांत थिजते आणि त्याच्या वड्या पडतात. ही ‘रक्ती’ आपल्याकडे शिजवून खातात. पण तेच रक्त बकऱ्याच्या अंगात जन्मभर वाहत होते, तेव्हा ते थिजले नाही. म्हणजे रक्ताकडून आपण दोन परस्परविरुद्ध अपेक्षा करतो. वाहिनीत असेपर्यंत त्याने मुळीच गोठू नये, आणि वाहिनी फाटली की त्या फाटलेल्या जागी, आणि फक्त त्याच जागी, ताबडतोब गोठावे.

जखम झाल्यावर तीन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे फाटलेली रक्तवाहिनी आकसते. दुसरी म्हणजे रक्तातील रक्तपट्टिका, ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो, त्या फाटलेल्या कडेला चिकटतात, एकमेकींना बिलगतात आणि तात्पुरते बूच तयार करतात. निरोगी कुत्र्याच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण २ ते ५ लाख रक्तपट्टिका असतात. हे बूच कच्चे असते. रक्ताच्या दाबाने ते वाहून जाऊ नये म्हणून त्यावर तिसऱ्या पायरीत धाग्यांचे जाळे विणले जाते. हे धागे फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे असतात.

फायब्रिन रक्तात तयार स्वरूपात नसते. असते ते फायब्रिनोजेन, म्हणजे विरघळलेला कच्चा माल. त्याचे धाग्यांत रूपांतर करणारे विकर म्हणजे थ्रॉम्बिन. थ्रॉम्बिनही तयार नसते. प्रोथ्रॉम्बिन या निष्क्रिय रूपात ते फिरत असते. जखमेच्या जागी वाहिनीबाहेरच्या पेशींवरील एक प्रथिन रक्ताला भेटते आणि तेथून साखळी सुरू होते. ते प्रथिन सातव्या घटकाला जागे करते, सातवा दहाव्याला जागे करतो, दहावा पाचव्याच्या मदतीने प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करतो आणि थ्रॉम्बिन फायब्रिन तयार करते. आठवा आणि नववा घटक या साखळीचा वेग कैक पटींनी वाढवतात. या घटकांना शोधाच्या क्रमाने आकडे मिळाले आहेत, कामाच्या क्रमाने नव्हे. त्यामुळे विद्यार्थी गोंधळतात. आकडे पाठ करून घेण्याची गरज नाही. एक जागा झालेला रेणू पुढच्या अनेक रेणूंना जागे करतो, म्हणून अल्पशा चेतनेतून काही मिनिटांत घट्ट गुठळी उभी राहते, एवढे समजले तरी पुरे.

पण इतक्या वेगाने वाढणारी क्रिया थांबवली नाही तर शरीरातले सगळेच रक्त थिजेल. म्हणून रक्तात लगामही असतात. अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन थ्रॉम्बिनला पकडून निकामी करते. प्रोटीन सी आणि प्रोटीन एस ही जोडी पाचव्या व आठव्या घटकाला तोडते. आणि जखम भरत आली की प्लाझ्मिन नावाचे विकर फायब्रिनचे जाळे विरघळवून टाकते.

रक्ताचे पातळपण हा अशा रीतीने तराजूचा तोल आहे. एका पारड्यात गोठवणारी प्रथिने, दुसऱ्यात गोठणे रोखणारी.

तराजू कोणाच्या हातात?

या दोन्ही पारड्यांतली बहुतेक वजने एकाच कारखान्यात घडतात, आणि तो कारखाना म्हणजे यकृत. कुत्र्याच्या यकृताचे वजन त्याच्या शरीराच्या सुमारे ३ ते ४ टक्के असते. १० किलोच्या कुत्र्याचे यकृत ३०० ते ४०० ग्रॅमचे. फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, पाचवा, सातवा, नववा, दहावा आणि अकरावा घटक यकृताच्या पेशींत तयार होतात. अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्लाझ्मिनचा कच्चा मालही तेथलाच. आठवा घटक हा महत्त्वाचा अपवाद आहे. तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी बनवतात. त्यामुळे यकृताच्या आजारात तो कमी होत नाही, कित्येकदा वाढतोच.

यकृताच्या पेशी मोठ्या संख्येने मेल्या की कारखान्याचे उत्पादन घटते. मग सर्वांत आधी काय कमी पडेल? जे रक्तात सर्वांत थोडा वेळ टिकते ते. सातव्या घटकाचे आयुष्य अवघे काही तासांचे असते. रोज नवा बनला नाही तर रोज तुटवडा. याउलट अल्ब्युमिन हे यकृतातच बनणारे प्रथिन कित्येक दिवस टिकते. म्हणून तीव्र आजारात रक्त गोठण्यातला दोष दोन-तीन दिवसांत दिसू शकतो, अल्ब्युमिन मात्र सुरुवातीला ठीक असते. ज्या घरात साठा नसतो त्या घरात बाजार एक दिवस बंद राहिला तरी चूल थंड पडते, तसेच हे.

हा दोष मोजण्याची पद्धत सोपी आहे. रक्त सोडियम सायट्रेट घातलेल्या नळीत घेतात. सायट्रेट रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते आणि कॅल्शियमशिवाय गोठण्याची साखळी पुढे सरकत नाही. मग प्रयोगशाळेत रक्तद्रव वेगळा करून त्यात कॅल्शियम आणि जखमेची नक्कल करणारे प्रथिन घालतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. याला प्रोथ्रॉम्बिन काल म्हणतात. निरोगी कुत्र्यात तो साधारण दहा सेकंदांच्या आत-बाहेर असतो. यकृत ढासळलेल्या कुत्र्यात तो लांबतो, कधी रक्तद्रव गोठतच नाही.

पित्त आणि ‘के’ जीवनसत्त्व

यकृताचा रक्ताशी आणखी एक आडवळणाचा संबंध आहे. प्रोथ्रॉम्बिन, सातवा, नववा आणि दहावा हे चार घटक, तसेच प्रोटीन सी व एस, बनवून झाल्यावर त्यांना कॅल्शियम धरून ठेवणारा एक ‘आकडा’ जोडावा लागतो. हे काम ‘के’ जीवनसत्त्वाशिवाय होत नाही. १९२९ पासून डेन्मार्कमध्ये हेन्रिक डाम हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिलांना स्निग्धांशविरहित खाद्य देऊन प्रयोग करीत होते. पिलांना जागोजागी रक्तस्राव होऊ लागला. स्निग्ध पदार्थांबरोबर एखादे जीवनसत्त्वही खाद्यातून गेले असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. १९३५ मध्ये त्यांनी त्याला गोठण्याच्या जर्मन व डॅनिश शब्दाचे आद्याक्षर घेऊन ‘के’ हे नाव दिले. १९४३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि एडवर्ड डॉइझी यांना मिळाले.

‘के’ जीवनसत्त्व चरबीत विरघळणारे आहे, म्हणून ते आतड्यातून शोषले जायला पित्त लागते. पित्तनलिका तुंबली तर पित्त आतड्यात येत नाही आणि पोटभर खाऊनही ‘के’ मिळत नाही. येथे पशुवैद्य एक सुरेख तर्क वापरतात. ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देऊन साधारण एक-दोन दिवसांत प्रोथ्रॉम्बिन काल पुन्हा मोजायचा. तो सुधारला तर कारखाना शाबूत आहे, फक्त एक साहित्य पोचत नव्हते. सुधारला नाही तर कारखानाच मोडला आहे.

उंदरांसाठी ठेवलेले ब्रोमॅडिओलोनसारखे विष, किंवा ते खाऊन मेलेला उंदीर, कुत्र्याने खाल्ला तरीही असाच रक्तस्राव होतो. हे विष ‘के’ जीवनसत्त्व पुन्हापुन्हा वापरण्याची यकृताची सोय बंद करते. पण त्यात कावीळ किंवा पोट फुगणे सहसा नसते, आणि ‘के’ वेळेवर व पुरेसे दिवस दिले तर कुत्रे वाचते. म्हणून घरात उंदराचे विष ठेवले होते का, हे पशुवैद्याला आठवणीने सांगावे.

दुसरे पारडे

आतापर्यंतच्या वर्णनावरून वाटेल की यकृत बिघडले म्हणजे रक्त पातळ झाले. पूर्वी वैद्यकातही असेच मानत. गेल्या सुमारे वीस वर्षांत माणसांवरील आणि कुत्र्यांवरील अभ्यासांनी हे चित्र बदलले आहे.

प्रोथ्रॉम्बिन काल फक्त पहिल्या पारड्याचे वजन सांगतो. पण यकृत बिघडले की दुसऱ्या पारड्यातली अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी ही वजनेही कमी होतात. दोन्ही पारडी हलकी झाली तर तराजू समतोल दिसू शकतो. मात्र तो तोल कमालीचा नाजूक असतो. जंतुसंसर्ग झाला, अंगातले पाणी कमी झाले किंवा पोटात व्रण पडला की तो कोणत्याही बाजूला कलंडतो. म्हणून यकृताच्या आजाराचे एक कुत्रे रक्तस्रावाने दगावते, तर दुसऱ्याच्या यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेतच रक्त साकळते. संपूर्ण रक्ताची गुठळी बनताना तिचा घट्टपणा मोजणारी यंत्रे आता आहेत. त्यांवर तपासले तर यकृताचा आजार असलेली काही कुत्री कमी गोठणारी आणि काही जास्त गोठणारी आढळतात.

रक्तपट्टिकांचेही तसेच. जुन्या आजारात यकृत कठीण झाले की आतड्यांकडून येणारे रक्त मागे तुंबते, पाणथरी फुगते आणि तिच्यात रक्तपट्टिका अडकून पडतात. पोटात पाणी साठून जलोदर होतो, तोही बऱ्याच अंशी याच दाबामुळे आणि अल्ब्युमिन घटल्यामुळे. आपल्या कुत्र्याच्या फुगलेल्या पोटाचा उलगडा येथे होतो.

सर्वांत वाईट अवस्था म्हणजे शरीरभर एकाच वेळी बारीक गुठळ्या होऊ लागणे. गुठळ्यांतच घटक आणि रक्तपट्टिका खर्ची पडतात आणि मग कुठेही खरचटले तरी रक्त थांबत नाही. गोठण्याच्या अतिरेकातूनच न गोठणे उद्भवते. विद्यार्थ्यांना हा विरोधाभास सांगितला तर तराजूची कल्पना त्यांच्या मनात पक्की बसते.

यावरून व्यवहारात काय करावे? एका तपासणीवर भरवसा ठेवू नये. प्रोथ्रॉम्बिन काल, फायब्रिनोजेन, रक्तपट्टिकांची संख्या आणि शक्य तेथे अँटिथ्रॉम्बिन, असे सर्व मिळून पाहावे. अशा कुत्र्याला कारण नसताना टोचू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या औषधांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, तर पॅरासिटामॉलच्या जादा मात्रेने यकृतालाच इजा होते. काळी विष्ठा म्हणजे जठरात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव झाल्याची खूण. त्यात अशी गोळी म्हणजे आगीत तेल.

यकृत कशाने बिघडले?

कारणे अनेक आहेत. उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हे एक. त्याने यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात, आणि तो माणसांनाही होतो. म्हणून कावीळ झालेल्या कुत्र्याची लघवी किंवा रक्त उघड्या हाताने साफ करू नये. कुत्र्यांचा विषाणुजन्य यकृतदाह हे दुसरे कारण. त्यावर लस आहे. गोचिडांमधून होणाऱ्या काही रोगांतही रक्तपट्टिका घटतात. यांचे निदान पशुवैद्यानेच करायचे आहे.

पण आणखी एका कारणाकडे शिक्षकांचे खास लक्ष वेधावे असे आम्हांला वाटते. त्याचा उगम कणगीत आहे.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची मोठी साथ आली. एक लाखाहून अधिक पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातली ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड बुरशीने दूषित होती. बुरशीचे नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस. त्यावरून तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन नाव पडले. हा शोध लागल्यावर एक जुने कोडेही सुटले. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या आग्नेय भागात कुत्री यकृताच्या एका अज्ञात आजाराने मरत होती. तोही अफ्लाटॉक्सिनचाच प्रताप होता.

हे विष स्वतः तितके घातक नसते. यकृतातली विकरे त्याचे विघटन करू पाहतात आणि त्या खटपटीत एक अतिशय क्रियाशील रेणू तयार होतो. तो यकृतपेशीच्या डीएनएला आणि प्रथिनांना चिकटतो. पेशीचे प्रथिने बनवण्याचे काम मंदावते आणि मात्रा मोठी असेल तर पेशी मरते. रक्त गोठवणारी आणि रोखणारी प्रथिने यकृतातच बनतात हे आपण पाहिले. मग अफ्लाटॉक्सिनने विषबाधा झालेले कुत्रे शेवटी रक्तस्रावाने का जाते हे वेगळे सांगायला नको. २००५ च्या अखेरीस अमेरिकेत मका वापरून केलेल्या कुत्र्यांच्या तयार खाद्यात हे विष निघाले आणि शंभराहून अधिक कुत्री मेली. अशा विषबाधेत प्रोथ्रॉम्बिन काल तर लांबतोच, शिवाय अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी फार खाली गेलेले आढळते. दोन्ही पारडी रिकामी होतात.

१९७४ ची गोष्ट

आता नंदुरबारच्या अगदी शेजारची घटना. नर्मदा ओलांडून उत्तरेला गेले की अलीराजपूर आणि झाबुआ, त्यापलीकडे दाहोद आणि बांसवाडा. भिल्ल समाजाची वस्ती, डोंगरउतारावरची शेती आणि मक्याची भाकर या सगळ्या पट्ट्याला सातपुड्याशी जोडतात. १९७४ च्या उत्तरार्धात गुजरातमधील तेव्हाचा पंचमहाल जिल्हा (आजचा दाहोद त्यातच होता) आणि राजस्थानातील बांसवाडा जिल्हा येथे काविळीची साथ पसरली. दीडशेहून अधिक खेडी, सुमारे ४०० रुग्ण आणि शंभराहून अधिक मृत्यू. रोग्यांना कावीळ होई, पोटात झपाट्याने पाणी साठे, आणि पुष्कळांचा शेवट जठर-आतड्यांतील प्रचंड रक्तस्रावाने होई.

साथीची कावीळ म्हणावी तर काही गोष्टी जुळत नव्हत्या. आजार मका खाणाऱ्या गरीब आदिवासी घरांतच होता. अंगावर पिणारी तान्ही मुले सुटली होती. आणि एक गोष्ट लोकांनी स्वतःच सांगितली: माणसे आजारी पडण्याआधी गावातली कुत्री अशीच पोट फुगून, पिवळी पडून मेली होती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी घराघरांतला मका तपासला. काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला होता, कणसे भिजली होती आणि तशीच साठवली गेली होती. त्या मक्यात दर किलोस ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले. आज आपल्या देशात धान्यासाठी घातलेली मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. भागाकार करून पाहा: सुमारे चारशे ते हजार पट.

आणखी एक गणित वर्गात करण्याजोगे आहे. कुत्र्याने रोज पाव किलो असा मका खाल्ला, तर त्याच्या पोटात दररोज १.६ ते ३.९ मिलिग्रॅम विष गेले. कुत्रे १० किलोचे असेल तर वजनाच्या दर किलोस ०.१६ ते ०.३९ मिलिग्रॅम. कुत्र्यासाठी एकाच वेळी घेतलेली किलोला अर्धा ते दीड मिलिग्रॅम मात्रा प्राणघातक ठरू शकते. असे अन्न आठवडाभर खाल्ले तर काय होईल हे उघड आहे. कुत्रे, ससा आणि बदक या विषाला फार हळवे आहेत. त्यातून माणसाने निवडून टाकलेले, म्हणजे सर्वांत जास्त बुरसटलेले दाणे कुत्र्याच्या वाट्याला येत असतील, तर ते आधी आजारी पडणार हे ओघानेच आले.

आमच्या मते या लेखातील सूचना हीच आहे. माणसांसारखेच अन्न खाणारे कुत्रे काविळीने आजारी पडले आणि त्याचे रक्त थांबेनासे झाले, तर कुत्र्याबरोबर घरातले धान्यही तपासले पाहिजे. एका घरी असे झाले तर कारण वेगळे असू शकते. एकाच मोसमात तीन-चार घरांची कुत्री अशी गेली, तर ती बाब आरोग्य केंद्राच्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या कानावर त्याच दिवशी घालायला हवी.

जनावरांचा आजार ही माणसांसाठी आगाऊ खबर असते, हे नंदुरबार जिल्ह्याने एकदा अनुभवले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या मरू लागल्या. त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक उघडकीस आला. तेथे मोठा व्यवसाय आणि मोठे नुकसान होते, म्हणून दखल घेतली गेली. पाड्यावरच्या कुत्र्यामागे तसे कोणी नसते. त्याची दखल शिक्षक आणि विद्यार्थीच घेऊ शकतात.

शाळेत करता येईल असे

अफ्लाटॉक्सिन भाकरी भाजून किंवा धान्य शिजवून नष्ट होत नाही. ते विष फार वरच्या तापमानाला टिकते. बुरशी झटकून टाकली तरी विष दाण्यात राहते. म्हणून उपाय बुरशी लागण्याआधी करायचा, आणि तो म्हणजे धान्य वाळवणे. साठवायच्या मक्यात ओलावा १३-१४ टक्क्यांच्या आत असावा. तो पाहण्यासाठी यंत्र लागत नाही.

काचेची एक कोरडी, झाकणाची बरणी घ्या. तव्यावर गरम करून पूर्ण कोरडे केलेले आणि थंड झालेले मीठ दोन-तीन चमचे घ्या. बरणी एक-तृतीयांश भरेल इतका मका टाकून त्यात हे मीठ घाला. झाकण लावून काही मिनिटे चांगले हलवा आणि पंधरा मिनिटे तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिले, तर दाण्यांत साधारण १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे. ते आणखी वाळवायला हवेत. काच स्वच्छ राहिली तर धान्य साठवायला हरकत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने घरचा मूठ-दोन मुठी मका आणला तर एका तासात साऱ्या पाड्याची पाहणी होते. तपासलेले मीठमिश्रित दाणे खाऊ नयेत.

याबरोबर तीन गोष्टी मुलांना सांगाव्यात. कणसे उघड्या जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा खाटेवर वाळवावीत. हिरवट-पिवळी बुरशी आलेले, सुरकुतलेले किंवा किडीने पोखरलेले दाणे निवडून काढावेत. आणि निवडून काढलेले दाणे कुत्र्याला, कोंबड्यांना किंवा गाई-म्हशींना घालू नयेत. दुभत्या जनावराने ते खाल्ले तर विषाचा काही अंश दुधात उतरतो आणि ते दूध पुन्हा मुलांच्याच पोटात जाते. असे दाणे पुरून टाकावेत.

हे शेवटचे सांगणे सोपे, पटवणे अवघड. ज्या घरात वर्षाचे धान्य फाल्गुनातच संपत येते, तेथे पायलीभर दाणे पुरा म्हणणे हा लहान त्याग नाही. म्हणून नुसती बंदी न सांगता कारण सांगावे लागते. यकृताची गोष्ट, तराजूची गोष्ट आणि १९७४ च्या कुत्र्यांची गोष्ट त्यासाठीच आहे. कानामागची गोचीड काढल्यावर रक्त थांबले नाही, हे पाहणारा मुलगा कदाचित तुमच्याच वर्गात बसलेला असेल. त्याने ते घरी सोडून न देता शाळेत येऊन सांगितले, आणि तुम्ही त्याला “घरात मका कसा आहे?” असे विचारले, तर या लेखाचे काम झाले.